मुंढ्यातला अर्धा इंच

३ मार्च

आत्या,

नमस्कार, आणि सोबत एक पार्सल. तुझ्या दुकानाचा नियम मला पाठ आहे. कपडा आला की बरोबर चिठ्ठी आली पाहिजे, तोंडी सांगितलेलं तू धरत नाहीस. म्हणून हे पत्र. फोनवर सांगितलं असतं तर मशीनच्या आवाजात निम्मं ऐकू आलं असतं आणि उरलेलं निम्मं तू मनानेच जोडलं असतंस.

पार्सलात जो निळा कपडा आहे तो लहान मुलाचा नाही. माझा आहे. हसू नकोस. याला बेंचचा शर्ट म्हणतात. पाठीवर झोपून वजनाचा दांडा छातीपर्यंत खाली आणायचा आणि परत वर ढकलायचा, त्या वेळी हा घालतात. कापड इतकं ताठ असतं की हात खाली यायलाच तयार नसतात. आणि एकदा का वजनाने आले की कापडच त्यांना परत वर लोटायला मदत करतं. थोडक्यात, हा घट्ट असेल तरच कामाचा. घालायला दोन माणसं लागतात. एकजण बाही ओढतो, दुसरा मला धरून ठेवतो.

परवा सरावात बगलेतली शिलाई फाटली. आमचे कोच, सर, म्हणाले, "नवीन मागवला तर यायला चार-पाच महिने लागतील." मी म्हटलं, "माझी आत्या आहे." त्यांनी विचारलं, "तिला येईल का?" मला असा राग आला म्हणून सांगू! पस्तीस वर्षं अख्ख्या गावाच्या पोरांचे शाळेचे युनिफॉर्म शिवणारी बाई, आणि हे विचारतायत येईल का.

मे महिन्यात पॉवरलिफ्टिंगच्या संघाची निवड स्पर्धा आहे. गेल्या वर्षीचं तुला माहीत आहे, पण का ते मी नीट कधी सांगितलं नाही. शर्ट तेव्हा नवा होता. पंचाण्णव किलोचा दांडा खाली घेतला, तो छातीच्या दोन बोटं वर येऊन अडकला. छातीला टेकलाच नाही. तीन संधी असतात, तिन्ही वेळा तेच. तीनही पंचांचे लाल दिवे. बेंचमध्ये एकही वजन धरलं गेलं नाही की उरलेल्या दोन प्रकारांत काहीही केलं असलं तरी एकूण बेरीज शून्य, माणूस बाद. सगळा हॉल बघत होता. बायका येऊन पाठीवर थोपटत होत्या, ते जास्त झोंबलं.

आता मला तो शर्ट वापरता यायला लागलाय. गेल्या वर्षी जुनी म्हणून ठेवली, पण या वेळी बाद झाले तर संघातली माझी जागा कॉलेजातल्या एका नव्या पोरीला जाणार, हे सरांनी स्पष्ट सांगितलंय. पोरगी चांगली आहे, तेच तर वाईट. आणि मी छत्तीसची आहे आत्या, एकदा जागा गेली की परत कोण देतंय.

म्हणून, फाटलेलं तेवढं शिव. जसंच्या तसं. सैल करू नकोस. खाली रेघ ओढलीय, बघ.

तुझी,
ढब्बू


१४ मार्च

ढब्बे,

आशीर्वाद. पार्सल पोचलं, फोडलं, आणि मी तो कपडा हातात धरून खुर्चीत बसले. काकांना दाखवला. ते म्हणाले, "कुत्र्याचा असेल." मी म्हटलं, "आपल्या भाचीचा आहे." मग त्यांनी चहा पण मागितला नाही.

दुकानात काजंबटणं करणारी आमची काजवाली, तिने तो पुतळ्यावर चढवायचा प्रयत्न केला. पुतळा पडला. मानेचा टवका उडालाय. तुला बिल पाठवत नाही, पण लक्षात ठेव.

तू ज्याला बगलेतली शिलाई म्हणतेस त्याला मुंढा म्हणतात. जन्मभर माझ्या दुकानात खेळलीस आणि एवढं येईना. फाटायचं कारण सोपं आहे. कारखान्यात एकेरी दोऱ्याने शिवलंय, आणि तू त्यावर म्हशीचं वजन टाकतेस. मी जाड दोऱ्याने दुहेरी टीप मारलीय. आता कापड फाटेल, पण शिवण उसवायची नाही.

आतल्या बाजूला मुंढ्याखाली डाग होते. रक्ताचे. मला कपड्यावरचे डाग ओळखता येतात, तेव्हा ते चहाचे आहेत असं सांगू नकोस. मागच्या वेळी आली होतीस तेव्हा बेसिनवर तोंड धुताना बाह्या वर केल्यास, दंडावर हिरवे-जांभळे वळ होते. मी तेव्हा बोलले नाही. तुझा बाप असता तर माझ्याकडे बघून म्हणाला असता, तू हिला काही बोलत का नाहीस.

घट्ट कपडा म्हणजे शिवणाऱ्याची चूक, असं मी आजवर धरून चालले. माणसाने कपडा घालावा, कपड्याने माणसाला घालू नये. पण तुझं शास्त्र वेगळं असेल. फाटलं होतं ते नीट केलंय, मुंढा जरा बघितलाय, डाग काढलेत. सांभाळून वापर.

युनिफॉर्मचा मोसम सुरू व्हायचाय. अंडी खातेस ना? नुसत्या अंड्यांवर राहू नकोस.

आत्या


२७ मार्च

आत्या,

शर्ट मिळाला. शिलाई बघून सर म्हणाले, "हे मशीनचं काम आहे का हाताचं?" मी म्हटलं, "आत्याचं आहे." तुझ्या हाताला गुण आहे. आता एकटी आमची जिमवाली बाई मला शर्ट चढवू शकते, पूर्वी दोघी लागायच्या आणि तिसरी लागली असती तर बरं झालं असतं.

पण माझंच काहीतरी बिघडलंय. दांडा खाली येताना पूर्वी शर्ट धरून ठेवायचा, मला ढकलून आणावा लागायचा. आता ऐंशी किलो पण सरळ छातीवर येऊन बसतात. वर जाताना तर अख्खं वजन माझ्याच हातात. परवा पंचाण्णव घेतले, अर्ध्यावर थांबले, मागच्या दोघांनी दांडा धरला म्हणून बरं.

वजनकाट्यावर मी आहे तेवढीच आहे. खाणं तेच, झोप तीच. सरांना म्हटलं, शर्ट थकला असेल. ते म्हणाले, "शर्टाला कशाला दोष देतेस. खांदे कमी पडतायत." त्यांचं खरं असेल. एक्स-रे विभागात सध्या माणसं कमी आहेत, दिवसभर म्हाताऱ्यांना टेबलावर चढवायचं आणि उतरवायचं, संध्याकाळी हात आधीच दमलेले असतात. छत्तिसाव्या वर्षी म्हणे असं होतं. कोण म्हणे? इंटरनेट म्हणे.

तू हात लावलेला कपडा, त्यामुळे कपड्याकडे बघायची सोयच नाही. बघायचं ते स्वतःकडे. सरांनी आता वेगळं काम लावलंय. आठवड्यातले दोन दिवस शर्ट न घालता सराव. नुसती छाती, नुसते हात. मला ते आवडत नाही. शर्टाशिवाय मी जेमतेम पंच्याहत्तर किलो उचलणारी बाई आहे. कपडे काढून आरशासमोर उभं राहिल्यासारखं वाटतं.

तुझं युनिफॉर्मचं काय? काजवाली टिकली का या वर्षी?

ढब्बू


५ एप्रिल

ढब्बे,

पत्र मिळालं. काजवाली टिकलीय. पुतळ्याची मान चिकटवली.

मला एक विचारायचंय, नीट उत्तर दे. तो दांडा हातातून सुटला तर कुठे पडतो? तुझ्या अंगावर? मागे उभे असतात ते वेळेवर पकडतात का, की मोबाइल बघत उभे असतात? आमच्याकडे इस्त्रीवाला असाच उभा राहतो, म्हणून विचारते.

आणि दुसरं. शर्ट परत पाठव. माझ्या मनात एक शंका आहे शिवणीबद्दल. परत बघते, लगेच पाठवते. उगीच स्वतःला दोष देत बसू नकोस, तू काही म्हातारी झाली नाहीस. मी एकसष्टची, अजून कापडाचा तागा एकटी उचलते.

लवकर पाठव.

आत्या


१८ एप्रिल

आत्या,

शर्ट पाठवणार नाही. टपालात जायला यायला किती दिवस लागतात माहीत आहे ना, आणि स्पर्धा डोक्यावर आलीय. शिवण दगडासारखी आहे. तू उगाच शंका काढू नकोस.

दांडा कुठे पडतो विचारलंस. खोटं कशाला सांगू. गेल्या गुरुवारी पडला. म्हणजे सुटला नाही, पण शर्टाने धरायच्या जागी धरलंच नाही आणि दांडा आपटला छातीवर. मागच्यांनी लगेच उचलला, मोबाइल बघत नव्हते. दुसऱ्या दिवशी मीच माझ्या बरगड्यांचा फोटो काढून घेतला. माझ्या हाताखालची मुलगी मला म्हणते, "श्वास धरा, हलू नका." मीच शिकवलेलं वाक्य, माझ्यावरच. फोटोत काही नाही. नुसता मार. जोरात हसले की दुखतं, आणि हसण्यासारखं सध्या फारसं काही नाही.

तर आता असं ठरलंय. पंचाण्णवचा विचार सोडायचा. पहिलं वजन पंच्याऐंशी ठेवायचं, एक तरी धरलं गेलं पाहिजे. सर म्हणाले, "या वर्षी फक्त बेरीज कर. नंबराचं नंतर बघू." माझ्याबद्दल इतकं कमी बोलताना मी त्यांना पहिल्यांदा ऐकलं.

एक बरी गोष्ट. शर्टाशिवाय मी परवा साडेब्याऐंशी उचलले. पंच्याहत्तरवर दोन वर्षं अडकले होते. म्हणजे शर्टाशिवाय वर चाललेय आणि शर्टात खाली. हा काय प्रकार आहे मला कळत नाही. सरांनाही कळत नाही, पण ते तसं दाखवत नाहीत.

काल गंभीरपणे विचार केला, नाव मागे घ्यावं का. त्या कॉलेजच्या पोरीला सांगावं, घे बाई तूच. पण मग घरी येऊन करणार काय? संध्याकाळी सहानंतर मला दुसरं काहीच येत नाही.

तुझी,
ढब्बू


२६ एप्रिल

ढब्बे,

बरगडीला शेक घे. काय बोलू.

नाव मागे घेऊ नकोस. हे मी सांगतेय, जिला तुझा हा खेळ डोळ्यांसमोर नको असतो, ती सांगतेय. तू कमी पडत नाहीयेस. एवढं माझ्यावर विश्वास ठेवून ऐक. कारण विचारू नकोस.

रात्रीचं जेवण गिळवत नाही मला. काका विचारतात काय झालं, मी म्हणते अॅसिडिटी. तुला एक सांगायचंय पण ते पत्रात लिहायला बसले की पेन पुढे जात नाही. तीनदा कागद फाडले. स्पर्धा झाली की बोलू.

तू पडू नकोस म्हणजे झालं.

आत्या


१२ मे

आत्या,

स्पर्धा झाली. आधी सगळं सांगते, मग तुझ्याशी भांडते. क्रम तोच ठेव, मधलंच वाचू नकोस. तुला पुस्तकाचं शेवटचं पान आधी वाचायची सवय आहे.

सकाळी कपड्यांची तपासणी असते. पट्टे, सूट, शर्ट, सगळं एका टेबलावर ठेवायचं आणि तपासणारे बघतात की नियमाबाहेरचं काही नाही ना. टेबलावर एक जाड चष्म्याचे गृहस्थ होते. त्यांनी माझा शर्ट उलटा केला, मुंढ्यावरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "इथली जुनी शिलाई कुठे गेली?"

मी म्हटलं, "तिथेच आहे, फाटली होती ती परत शिवलीय."

ते म्हणाले, "नाही हो. ही बघा भोकं. जुनी ओळ इथे होती, नवी अर्धा इंच बाहेर आहे. दोन्ही बाजूंनी." आणि चष्मा काढून माझ्याकडे बघितलं. "इतकी वर्षं या टेबलावर बसतोय. लोक चोरून आवळून आणतात, ते मी पकडतो. सैल करून आणलेला हा पहिलाच."

बाजूचे दोघे हसले. नियमात बसतं म्हणाले, सैल करायला कोण हरकत घेणार. शिक्का मारून शर्ट परत दिला.

तळपायाची आग मस्तकात गेली, आत्या. तिथेच कपडे बदलायच्या खोलीत बाकावर बसले आणि ती भोकं बघत राहिले. सुईची बारीक ओळ, सरळ, अगदी तुझी. तू तर उसवलेले टाकेही सरळ रेषेत काढतेस. माझे दोन महिने. माझी बरगडी. मी रोज घरी जाऊन आरशात खांदे बघत होते, वय मोजत होते, आणि तू तिकडे बसून मला अंडी खायला सांगत होतीस.

आणि त्याच वेळी, त्याच बाकावर, दुसरं काहीतरी झालं. तेही सांगते, कारण ते खरं आहे. मला कळलं की मी कमी पडलेलीच नाही. शर्टाने मदत सोडली होती आणि मी तरीही नव्वदपर्यंत जात होते. म्हणजे ती ताकद कापडाची नव्हती, माझी होती. सरांना शर्ट दाखवला. त्यांनी मुंढा बघितला, मला बघितलं, आणि म्हणाले, "तुझ्या आत्यानं मला दोन महिने मूर्ख बनवलं." मग म्हणाले, "पहिलं वजन तेच ठेवू. पण आता घाबरून नाही."

बेंचला माझं नाव आलं. पहिला दांडा, पंच्याऐंशी. नीट खाली आला, छातीला टेकला. इथे थांबायचं असतं, दांडा स्थिर झाला की पंच "प्रेस" म्हणतात, मगच ढकलायचा. मी थांबलेच नाही. डोक्यात तू होतीस. टेकला तसा ढकलला, जणू तुझ्या दुकानाचं शटर वर करतेय. तीन लाल दिवे. गेल्या वर्षीसारखेच. उरल्या दोन संधी, आणि मला माहीत होतं की अजून अशाच दोन गेल्या तर जागा गेली.

सर कानाशी आले. ओरडतील असं वाटलं. म्हणाले, "आत्यावर नंतर रागाव. आत्ता पंचाचं ऐक."

दुसऱ्या वेळी थांबले. छातीवर पंच्याऐंशी किलो घेऊन थांबणं किती लांब वाटतं ते तुला सांगून कळायचं नाही. सैल शर्टात तर सगळं अंगावरच येतं. "प्रेस" ऐकलं आणि ढकलला. तीन पांढरे दिवे. माझी बेरीज झाली, आत्या. मी बाद झाले नाही. तिथेच आडवी पडून रडले, एका माणसाला मला बेंचवरून उठवावं लागलं.

तिसऱ्या वेळी साडेब्याण्णव. वर जाताना इतका हळू गेला की मागच्यांचे हात दांड्याखाली आले होते, पण त्यांनी लावले नाहीत. दोन पांढरे, एक लाल. दोन पुरतात. शेवटी चौथी आले. ती कॉलेजची पोरगी तिसरी आली, आणि संघात आम्ही दोघीही आहोत. माझी जागा राहिली.

आता भांडण.

हे तुझ्यामुळे झालं असं म्हणू नकोस. काकांनाही म्हणू देऊ नकोस. तू शर्ट सैल केला नसतास तर मी कदाचित एकशे पाच उचलले असते. कदाचित परत दोन बोटं वर अडकले असते. कुणाला माहीत. ते ठरवायचं माझं होतं. मी खाली रेघ ओढून लिहिलं होतं.

तुला वाटतं मला लहानपणचं माहीत नाही? दर वर्षी शाळा सुरू व्हायच्या आधी तू माझे जुने फ्रॉक न्यायचीस, "इस्त्री करून देते" म्हणून. परत यायचे तेव्हा बसायचे. आई म्हणायची, बघ, वाढली नाहीस तू. तू मान हलवायचीस. मी कडेची भोकं बघायचे, आत्या. दर वर्षी. तू शिवणीत कापडाची माया सोडून शिवायचीस आणि दर वर्षी थोडी थोडी उसवायचीस, म्हणजे ढब्बूला कुणी ढब्बू म्हणू नये. मला सगळं कळायचं आणि मी गप्प राहायचे, कारण तुला ते करून बरं वाटायचं. आणि खरं सांगू, मलाही.

म्हणूनच या वेळी शर्ट उलटा करून बघितला नाही. मला वाटलं आता तू मला मोठी धरतेस. सगळ्यात जास्त लागलं ते हे. बरगडीपेक्षा.

शर्ट सोबत पाठवतेय. जुन्या भोकांवरून परत शिव. दोन्ही बाजू. आणि त्याच्याही आत पाव इंच घे, कारण आता माझे खांदे गेल्या वर्षीचे नाहीत. वळ उठतील. रक्त येईल. मला चालतं. हा माझा खेळ आहे आणि हे अंग माझं आहे.

मोठी स्पर्धा ऑगस्टमध्ये आहे. ती तुझ्या गावापासून चार तासांवर आहे. तू ये. बघायला नाही. शर्ट चढवायला ये. बाही ओढायला एक घट्ट हाताचं माणूस लागतं, आणि तुझ्याइतके घट्ट हात मला दुसरे माहीत नाहीत.

ढब्बू


२३ मे

ढब्बे,

तुझं पत्र मी दुकानात उघडलं आणि तशीच उठून मागच्या खोलीत गेले. काजवालीने दोन गिऱ्हाइकं परत पाठवली.

माफी वगैरे मी मोठ्या तोंडाने मागत नाही. चूक झाली. डाग धुताना हात थांबला आणि मी उसवलं. विचार केला असता तर केलं नसतं. विचार केला नाही, हातानेच केलं, आणि मग तुझ्या पत्रांना खरं उत्तर द्यायची हिंमत झाली नाही. बरगडीचं वाचलं तेव्हा मला वाटलं आता मीच संपते. बस. यापुढे तू मला या गोष्टीवरून दहा वर्षं टोमणे मारलेस तरी मी ऐकून घेईन, अकराव्या वर्षी उलट बोलेन.

फ्रॉकचं तुला माहीत होतं हे वाचून मी इतकी हसले की काका आत आले. मग त्यांनाही सांगितलं. ते म्हणाले, "तू सगळ्यांना फसवत होतीस आणि ती तुला." खरंच आहे.

आता शर्टाचं. उसवला, जुन्या भोकांवर आणला, मग पाव इंच आत. चारदा माप घेतलं. शिवून झाल्यावर वाटलं, मी ज्याला कपडा म्हणायलाही तयार नव्हते तो एकदा अंगात घालून बघावा. दुकान बंद केलं, काजवालीला आणि काकांना बोलावलं. काजवालीने बाही ओढली, काकांनी मला कंबरेला धरलं. माझे दोन्ही हात पुढे ताठ, झोपेत चालणाऱ्यासारखे. खाली येईनात. काका म्हणाले, "चहाचा कप देऊ का?" मी म्हटलं, "द्या, पण तुम्हीच पाजा." शेवटी काजवालीने माझ्या हातावर कापडाचा एक तागा ठेवला, मग दुसरा, तेव्हा कुठे हात वाकले. आणि दुखलं ग. दंडात इतकं दुखलं. पण कापडाने हात असे वर लोटले की तागे उडून पडले. काका दचकून बाजूला झाले.

तेव्हा मला समजलं तू काय करतेस ते. इतकी वर्षं तू सांगत होतीस आणि मी नुसते डाग बघत होते.

माझ्या दंडावर आता हिरवे-जांभळे वळ आहेत. काकांना दाखवले. ते म्हणाले, "डॉक्टरकडे जाऊ या का?" मी म्हटलं, "काही होत नाही. भाचीच्या दंडावरही असेच आहेत."

शर्ट सोबत पाठवतेय. उलटा कर, भोकं बघ, माप घे. दर वेळी घे. तुझा हक्क आहे.

ऑगस्टला मी येते. काकांनी बसचं विचारून ठेवलंय. बाही मीच ओढीन. तू ओरडलीस तरी सोडणार नाही.

आत्या